शेवटून दुसरी पट्टी

“श्वास घेतलेला चालेल का गं?” करुणाबाईंनी विचारलं.

“चालेल. पण सावकाश. आणि स्टूल करकरू द्यायचं नाही.”

“खोकला आला तर?”

“तर तो सूर पुन्हा घ्यायचा.”

त्या हसल्या. पातळाचा पदर कमरेला खोचून त्यांनी उजव्या हाताचं मधलं बोट पियानोच्या अगदी टोकाच्या, सगळ्यांत उंच सुराच्या पट्टीवर ठेवलं आणि माझ्या खुणेची वाट पाहू लागल्या. मी बोट वर केलं. काचेच्या पेल्याला नख लागावं तसा टिंबाएवढा आवाज झाला आणि विरला. मग खोलीत नुसतं ऊन उरलं.

ही गोष्ट नगरची. तिला आता वीसेक वर्षं झाली असतील. मी पुण्यात एका लहानशा कंपनीत ध्वनिमुद्रणाचं काम करायचे. आम्ही डिजिटल पियानोसाठी आवाज तयार करत असू. त्या पियानोच्या पोटात तारा नसतात, हातोड्या नसतात. कुठल्या तरी खऱ्या पियानोचा एकेक सूर त्यात साठवलेला असतो. पट्टी हलकेच दाबली तर हलकेच वाजवलेला सूर येतो, जोरात दाबली तर जोरात वाजवलेला. म्हणजे मुळात कुणी तरी खऱ्या पियानोसमोर बसून प्रत्येक पट्टी आधी हळू, मग जरा जोरात, मग पूर्ण ताकदीने वाजवलेली असते, आणि दर वेळी तो सूर पार नाहीसा होईपर्यंत गप्प बसलेलं असतं. खालच्या जाड तारांचा सूर फार वेळ रेंगाळतो. संपला, संपला म्हणावं तर अजून असतोच.

करुणाबाई अमोलिक मिशनच्या शाळेतल्या निवृत्त संगीत शिक्षिका. कंपाउंडमधल्या कडुनिंबाच्या झाडांखाली त्यांचं बैठं कौलारू घर होतं. घरातला उभा पियानो त्यांच्या वडिलांना एका मडमेने मायदेशी परतताना दिलेला. आमच्या रानडे सरांनी एकदा तो ऐकला होता आणि तेव्हापासून त्यांच्या मनातून तो जात नव्हता. “झोपेत ऐकल्यासारखा वाजतो तो,” ते म्हणायचे. पण पियानो आता थकला होता. तारा ताणून धरणाऱ्या खुंट्या सैल झाल्या होत्या, सूर लावून दिले की दोन दिवसांत उतरत. आणि करुणाबाई स्वतःही निघाल्या होत्या. नाशिकला भाचीकडे, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. पियानो तिथे जाणार नव्हता. रानडे सरांनी त्यांना शब्द दिला होता, की पियानोचा आवाज आम्हाला घेऊ द्या, त्याच आवाजाचा डिजिटल पियानो तुमच्या नाशिकच्या घरी पोचवतो.

खरं तर पट्ट्या मी वाजवणार होते. दोन-तीन वाजवल्यासुद्धा. बाई म्हणाल्या, “हेमांगी, तुझं बोट धडपडतं गं. ऊठ.” आणि स्वतः बसल्या. त्यांच्या बोटात असा काही समतोल होता, की एकच पट्टी त्यांनी पाच वेळा हलकी वाजवली तर पाचही वेळा तेवढीच हलकी वाजायची.

सुरुवातीला मी म्हटलं होतं, “माइक जमवून घेते. तोवर एखादं गीत वाजवा ना.”

“गीत नको. तुला एकेकच सूर हवाय ना? तो घे.”

त्यांच्या बोटांची पेरं आल्याच्या गाठींसारखी फुगलेली मला दिसली होती. पण तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही.

पहिल्या तासातच अडचण झाली. आवाज कोंडल्यासारखा येत होता. उभ्या पियानोचा खरा आवाज त्याच्या पाठीतून निघतो, तिथल्या लाकडी फळीतून. आणि हा पियानो पाठ टेकवून उभा होता एका बंद दाराला.

“बाई, माइक मागे लावावा लागेल. हे दार कुठे उघडतं?”

“उघडत नाही ते.”

“पण मागे खोली आहे ना? मघाशी कुणी तरी खोकलं.”

करुणाबाईंनी पट्ट्यांवरची नसलेली धूळ पदराने पुसली. “पलीकडचे राहतात तिथे. कडी त्यांच्या बाजूने आहे. हवं तर जाऊन विचार.”

मी परसातून वळसा घालून गेले. दार उघडलं ते उंच, थोड्या वाकलेल्या एका गृहस्थांनी. नाक, कपाळ, भुवया, सगळं करुणाबाईंचं.

“सलाम,” ते म्हणाले. “पियानोसाठी आलेली तूच का? मी थिओफिल. तिचा भाऊ.”

मिशनच्या दवाखान्यात ते रक्त तपासायचं काम करत. आता निवृत्त. खोलीत एक खाट, एक टेबल, भिंतीवर चर्चचं कॅलेंडर. आणि मधल्या दाराला अगदी लागून एक वेताची आरामखुर्ची. तिची पाठ दाराकडे. दाराच्या हिरव्या रंगावर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल त्या उंचीला, तेलाचा काळपट गोल डाग पडलेला होता. असा डाग एका वर्षात पडत नाही.

मी डागाकडे बघतेय हे त्यांनी बघितलं.

“इथे गारवा असतो,” ते म्हणाले आणि खुर्ची बाजूला ओढली.

कडी गंजली होती. थिओफिलकाकांनी खलबत्त्यातल्या बत्त्याने ती हळूहळू ठोकून सरकवली. दार आत उघडलं तसं धुळीचं एक जाळं हवेत तरंगत खाली आलं. समोर पियानोची पाठ. तिच्या वरच्या कडेपलीकडे फक्त माथ्यावर बांधलेला एक पांढरा अंबाडा दिसत होता. अंबाडा हलला नाही. काका पाऊलभर मागे सरले.

“हेमांगी,” अंबाड्याखालून आवाज आला, “तिकडची धूळ नीट पुसून घे. नाही तर आवाजात येईल.”

काकांनी ओलं फडकं आणून माझ्या हातात दिलं.

तो सगळा दिवस असाच गेला. माइक काकांच्या खोलीत, करुणाबाई या खोलीत, मी व्हरांड्यात हेडफोन लावून. काका खाटेवर बसून असायचे. हेडफोनमध्ये मला त्या घराचं सगळं ऐकू यायचं. कौलांवरून पळणारी खार, माठातून ठिबकणारं पाणी, दोन माणसांचे दोन श्वास. एक सूर उठायचा, हळूहळू पातळ होत जायचा, आणि त्याच्या तळाशी ते दोन श्वास उघडे पडायचे. पुढे पुढे तर मला खूण करायचीही गरज उरली नाही. सूर कधी संपला ते तिघांनाही एकदमच कळायचं.

दुपारी लष्कराच्या रेंजवर रणगाड्यांचा सराव सुरू झाला. फार लांबून येणारे ते दणके, पण माइकच्या कानातून सुटत नव्हते. आम्ही थांबलो. करुणाबाईंनी अंगणात खुर्च्या टाकल्या, चहा केला. न विचारताच बोलू लागल्या.

“तीस वर्षं मी चर्चमध्ये ऑर्गन वाजवला. एका रविवारी उपासना संपताना पाळकसाहेबांनी जाहीर केलं, पुढच्या आठवड्यापासून नवा कीबोर्ड येतोय, वाजवायला नवा मुलगा येतोय. पंचकमिटीचा ठराव झालाय म्हणे, एकमताने. मी तिथेच, ऑर्गनवर बसलेली. सगळी मंडळी माझ्याकडे वळून बघतेय.”

“तुम्हाला आधी कुणी सांगितलंच नाही?”

“पलीकडचे होते ना कमिटीत. त्यांनी पण हात वर केला. त्याच आठवड्यात मी चार माणसं बोलावली आणि पियानो त्या दाराला लावला.”

“का केलं त्यांनी तसं? विचारलंत कधी?”

“मी कशाला विचारू?” त्यांनी बशीतला चहा संपवला. “सख्ख्या बहिणीला सांगायला ज्याच्या तोंडातून शब्द फुटला नाही, त्याला?”

“आणि आता नाशिकला निघालात, ते तरी त्यांना…”

“समजलं असेल कुणाकडून तरी.”

दणके थांबले. कडुनिंबाची बारीक पिवळी पानं आमच्या खांद्यांवर पडत राहिली. आम्ही उठून आत गेलो.

दुसऱ्या दिवशी पेडलचे सूर घ्यायचे होते. पियानोत प्रत्येक तारेवर लोकरीची एक लहान गादी टेकलेली असते, ती तारेला गप्प ठेवते. पायाखालचं पेडल दाबलं की सगळ्या गाद्या एकदम उचलल्या जातात. मग तुम्ही एकच पट्टी वाजवली तरी बाकीच्या तारा, ज्यांना कुणी हातही लावलेला नाही, त्यासुद्धा आतल्या आत गुणगुणू लागतात. हे गुणगुणणं डिजिटल पियानोत नसेल, तर कान लगेच ओळखतो, की काही तरी राहून गेलंय. म्हणून ते वेगळं मुद्रित करावं लागतं.

पण पेडलपासून वर गाद्यांपर्यंत जाणारा दांडा खालच्या टोकाला मोडलेला होता. मी खालची फळी काढून सुतळी बांधून पाहिली. सुतळी करकरायची. मग जमिनीवर बसून हाताने दांडा उचलून धरला. माझा हात थरथरला की गाद्या थरथरायच्या आणि तारा कुरकुरायच्या.

“एका हाताने नाही जमायचं,” करुणाबाई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाल्या. “डावा तळवा खाली, उजवा वर. दम धरून उचलावं लागतं. लहानपणी माझे पाय पोचायचे नाहीत, तेव्हा कुणी तरी खाली बसून धरायचं.”

त्या कुणाशी बोलत होत्या ते मला कळलं नाही. मागच्या खोलीत खाट वाजली. मग परसातून चपलांचा आवाज आला. घराला पूर्ण वळसा घालून थिओफिलकाका पुढच्या दाराशी आले, उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि क्षणभर तिथेच थांबले.

करुणाबाई वळल्या नाहीत. फक्त त्यांनी स्टूल थोडं डावीकडे सरकवलं. खाली एका माणसाला बसता येईल एवढी जागा झाली.

काका गुडघ्यांवर हात देत जमिनीवर बसले. डावा तळवा दांड्याखाली, उजवा वर. त्यांनी दांडा उचलला आणि पियानोच्या आत सगळ्या तारा एकदम मोकळ्या झाल्याचा एक उसासा ऐकू आला. मी असा उसासा त्याआधी ऐकला नव्हता.

“बोलायचं नाही हं कुणी,” मी सवयीने म्हटलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

आम्ही वरच्या सुरांपासून खाली येत होतो. सूर वाजे, आणि त्याच्यामागे सगळा पियानो गुणगुणत राही. दर वेळी दोघं थांबत. भाऊ जमिनीवर, बहीण स्टुलावर. तिच्या पातळाचा काठ त्याच्या खांद्याला लागत होता. ऊन फरशीवरून सरकत सरकत पियानोवर चढलं आणि मग निघून गेलं. काकांचे हात दुखत असणार. त्यांनी एकदाही दांडा सोडला नाही. मला वाटतं, मध्ये थोडा वेळ मी डोळे उघडे ठेवून झोपलेच होते. हेडफोनमध्ये कुठला सूर वाजवलेला आणि कुठला आपसूक उठलेला, हे कळेनासं झालं होतं. घराच्या भिंतीच कुठे तरी लांब गेल्या होत्या.

संध्याकाळ होत आली तेव्हा खालच्या दोनच पट्ट्या राहिल्या होत्या. शेवटून दुसरी पट्टी करुणाबाईंनी पूर्ण ताकदीने वाजवली. तो सूर कानापेक्षा छातीतच जास्त ऐकू आला. तो पसरला, सगळ्या तारा जाग्या झाल्या. आणि त्या घुमण्याच्या ऐन मध्यावर काकांचा आवाज आला.

“अक्का, बोटं दुखतात का गं?”

माझा हात यंत्राच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला. सूर चालू होता.

मग करुणाबाई म्हणाल्या, “दुखतात.” त्यापुढेही काही तरी होतं, पण ते त्या घुमण्यात बुडून गेलं.

दोन दिवसांच्या सवयीने म्हणा, सूर पुरता संपेपर्यंत दोघांनीही पुढचा शब्द काढला नाही. तो सूर फार वेळ चालला. संपल्यावर कुठे तरी दूर एका सायकलची घंटा ऐकू आली.

“हेमांगी,” करुणाबाईंनी हाक मारली. “हा पुन्हा घ्यायचा ना?”

“नको, बाई,” मी व्हरांड्यातून म्हटलं. “चांगला आलाय.”

शेवटची पट्टी घेतली आणि काम संपलं. मी वायरी गुंडाळत होते. ती दोघं व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. काकांनी पातेल्यात कोमट पाणी आणून त्यात मीठ टाकलं होतं आणि करुणाबाईंनी दोन्ही हात त्यात बुडवून ठेवले होते.

“तेव्हाच विचारायचं होतंस,” त्या म्हणाल्या.

“तू चुकायला लागली होतीस, अक्का. मागच्या बाकांवरची पोरं हसायची. मला ते बघवेना, आणि तुला सांगवेना. ठराव आला, मी हात वर केला.”

“सांगितलं असतंस तर मी आपण होऊन उठले असते.”

“माहीत आहे.”

“मग?”

काकांनी पाण्यात बोट घालून पाहिलं. “गार झालं का? अजून आणतो,” म्हणाले आणि पातेलं घेऊन आत गेले. पुढच्या दाराने आत गेले आणि मी जरा ओढून ठेवलेल्या पियानोच्या मागून वाट काढत, मधल्या दारातून आपल्या खोलीत.

पुण्याला परतल्यावर रानडे सरांनी सगळे सूर ऐकले. खालपर्यंत आले आणि थबकले. “ही शेवटून दुसरी पट्टी. हिचा सूर शेवटच्या पट्टीचाच आहे, जरा वर ओढलेला. हिचा खरा कुठे आहे?”

“माझ्याकडे आहे. पण तो विकायचा नाही, सर.”

ते चिडले. पंधरा मिनिटं बोलले, नोकरीपर्यंत गोष्ट गेली. मी हेडफोन त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी एकदा ऐकलं, हेडफोन काढून टेबलावर ठेवले, चष्मा पुसला. “ठीक आहे. शेजारचाच वापर,” म्हणाले. तो आवाज पुढे पुष्कळ पियानोंमध्ये गेला. खालची ती दोन सुरांची जोडी कुणाच्या ध्यानात आली नाही.

करुणाबाई नाशिकला गेल्या, ते ठरलेलंच होतं. काका त्यांना पोचवायला गेले आणि महिनाभर राहून आले. पुढे दर पावसाळ्यात त्या नगरला येऊन राहायच्या, असं भाचीकडून कळलं. डिजिटल पियानो त्यांना आवडला होता. एकेक सूर वाजवत संध्याकाळी बसतात, असं ती म्हणाली.

काही वर्षांनी त्या वारल्याचा फोन काकांनीच केला. त्यांनी माझा नंबर जपून ठेवला होता. बरंच बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं.

“मुली, तो एक सूर तू ठेवला होतास का गं? मी बोललो होतो तो?”

“आहे, काका.”

“मग ये.”

पुढच्या रविवारी सकाळची उपासना आटोपल्यावर मी नगरला पोचले. काका बरेच वाकले होते, पण मला ओळखून त्यांनी लगेच खुर्ची पुढे केली. मी त्यांच्या कानांवर हेडफोन लावले. लोंबत्या कानांवर ते नीट बसेनात, म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी दाबून धरले. मी सूर लावला.

त्यांचा स्वतःचा आवाज आला तेव्हा ते दचकले. नंतर डोळे मिटून पुढे वाकले, जणू कुणी तरी आत हळू बोलतंय. ओठ हलले. सूर अर्ध्यात असतानाच त्यांनी मला थांबवायची खूण केली.

“मला इतकी वर्षं वाटायचं, ती ‘दुखतात’ एवढंच म्हणाली. कोरडं. नाशिकच्या भाचीला, प्रिसिलाला विचारलं, तिला काय माहीत असणार. अक्काला विचारायचं धाडस झालं नाही.” त्यांनी मग हातानेच कानावरचे हेडफोन जरा सैल केले. “‘रे’ म्हणाली आहे. ‘दुखतात रे’ म्हणाली आहे. तू ऐकलं नाहीस?”

“मला नव्हतं कळलं, काका.”

“हळूच म्हणाली आहे.” त्यांनी हेडफोन पुन्हा घट्ट केले. “परत लाव. या वेळी पूर्ण ऐकू दे.”

मी सूर पहिल्यापासून लावला. तो संपेपर्यंत आम्ही दोघंही बोललो नाही.